एक सत्तेचाळीसची नोंद

"फोन," गद्रे मॅडम म्हणाल्या आणि खाकी पाकिटाचं तोंड माझ्यापुढे उघडं धरलं.

मी फोन आत टाकला. त्यांनी पाकीट चिकटवलं, वर 'प्र. ढवळे' असं लिहिलं आणि चिकटवलेल्या जागेवर माझीच आडवी सही घेतली. मग एक जाड वही पुढे सरकवली.

"नाव, वेळ, सही. संध्याकाळी सहापर्यंत याच खोलीत. संडासला जायचं तर मला सांगून."

"सोबत येणार काय?"

"दारापर्यंत," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्या सहसा हसायच्या नाहीत. कंपनीत सगळे नियम पाळतात का यावर लक्ष ठेवायचं हे त्यांचं काम, आणि असल्या कामाच्या माणसाशी जेवायला कुणी बसत नाही. चौदाव्या मजल्यावर त्या एकट्याच डबा खायच्या.

सकाळचे साडेदहा वाजले होते. खोलीत एक लांब टेबल, सहा खुर्च्या, एक टेलिफोन, कोपऱ्यात छताला चिकटलेला कॅमेरा. बाहेर वांद्र्याच्या खाडीवर एप्रिलचं ऊन. आत एवढा गारठा की कान दुखावेत.

मी काय काम करायचो ते आधी सांगतो, कारण घरच्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी म्युच्युअल फंड चालवायचो. शेअरचा नव्हे, कर्जाचा. लोकांनी आमच्याकडे पैसे ठेवायचे, आम्ही ते मोठ्या कंपन्यांना व्याजानं द्यायचे. "बँकेपेक्षा जरा जास्त, हवे तेव्हा परत," एवढी आमची जाहिरात. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याचा पोरगा, नाइट कॉलेजचा बी.कॉम., बारा वर्षं हिशेबाच्या खोलीत पाकिटं फोडली आणि मग घासत घासत या खुर्चीत आलो. माझा फोटो कंपनीच्या पत्रकावर छापायचे. टाय बांधलेला. तो फोटो आमच्या गल्लीत तीन दुकानांत लावला होता.

आणि त्या सकाळी मला पक्कं माहीत होतं की संध्याकाळी सहा वाजता माझा फंड बंद होणार. शाल्व इन्फ्रा नावाची रस्ते बांधणारी कंपनी बुडाली होती. आमचे पैसे तिच्यात रुतले होते. सहा वाजता जाहीर होणार होतं, की आजपासून या फंडातून कुणालाही पैसे काढता येणार नाहीत. परत कधी मिळतील? माहीत नाही. किती? तेही माहीत नाही.

तोवर ज्याला ज्याला हे माहीत होतं, त्याला खोलीत बसवायचं आणि फोन काढून घ्यायचा. ही पद्धत. कारण यातला एक शब्द बाहेर गेला तर तो गुन्हा.

अकरा वाजता बक्षी आले. नितीश बक्षी, आमचे सगळ्यांचे साहेब, सगळ्या फंडांचे प्रमुख. पांढरा शर्ट, बाह्या दोन घड्या वर. त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला.

"वाचून घे. सही कर."

वाचलं. लिहिलं होतं, शाल्वचे सगळे रोखे घेण्याचा निर्णय फंड व्यवस्थापक प्रल्हाद ढवळे यांचा स्वतःचा होता.

"साहेब, शाल्वच्या मालकाला तुम्ही घेऊन आला होतात. लोणावळ्याच्या हॉटेलात. मी नको म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. लिहिलं होतंस का?"

मी कागद परत वरपासून वाचायला घेतला.

"अकरा वेळा घेतले आपण शाल्वचे रोखे," बक्षी म्हणाले, आवाज अजिबात न चढवता. "आणि अकरा टिपणं आहेत. प्रत्येक खरेदीचं कारण. सगळी तुझ्या अक्षरात. 'प्रवर्तक अनुभवी. कामं सरकारी. जोखीम माफक.' तुझंच मराठी वळणाचं इंग्रजी आहे प्रल्हाद, मला पाठ झालंय."

आमच्या धंद्यात हे असंच. काहीही घेतलं की ते का घेतलं याचं टिपण घेणाऱ्यानं लिहायचं. साहेबानं तोंडी सांगायचं, नोकरानं लेखी पटवून द्यायचं. अकरा वेळा मी स्वतःच्या हातानं एकेक वीट रचली होती, आणि आता आत मीच उभा होतो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "सही करतो. पण एक गोष्ट करा. आत्ता, या मिनिटाला, नवे पैसे घेणं थांबवा. आज दुपारी तीनपर्यंत जो कोणी पैसे भरेल, तो सहा वाजता अडकणार. आपल्याला माहीत असून आपण घेतोय ते."

"आत्ता थांबवलं तर तीनच्या आत बाजारात बोंब होईल. रांग लागेल."

"रांग लागून गेलीय साहेब. गेल्या आठवड्यात तीन मोठ्या कंपन्यांनी सगळे पैसे काढून नेले. तिघांचे खजिनदार तुमच्याबरोबर जेवायला होते."

बक्षींनी गद्रे मॅडमकडे पाहिलं. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर केली नाही.

"कोण जेवतं कोणाबरोबर, ह्याचं टिपण नसतं," बक्षी म्हणाले. "तुला दोन मुली आहेत. दादरच्या फ्लॅटचे हप्ते आहेत. तू सही करून शांत बसलास, तर हे 'बाजाराची परिस्थिती' म्हणून जाईल. तू पुढेही इथेच राहशील. नाहीतर अकरा टिपणं घेऊन एकटा उभा राहा. पेन हवंय?"

पेन माझ्याच खिशात होतं. हरामखोरानं तेवढीही मेहनत घेतली नाही.

मी सही केली. ते वरच्या मजल्यावर संचालकांकडे निघून गेले. त्यांचा फोन त्यांच्याच खिशात होता. तो कुणी पाकिटात घातला नव्हता.

दीड वाजला. मी बाहेर गाड्या मोजत होतो. टेबलावरचा टेलिफोन वाजला.

गद्रे मॅडमनी उचलला. "कोण?... इचलकरंजीहून?" माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या भगिनी. ऑपरेटरला म्हणाल्या, मरणाचं काम आहे."

"द्या."

"ही लाइन रेकॉर्ड होते, माहीत आहे ना?" त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"बापू?" सुलाक्काचा आवाज त्या गार खोलीत घुसला. मागे बँकेतला कालवा. "आरं मोबाईल का बंद ठेवलायस? सकाळपासनं धा वेळा लावला. मरणाचं काम हाय म्हणून सांगिटलं तवा त्या बाईनं जोडून दिला."

"बोल अक्का."

सुलाक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दाजी गेल्यावर बारा माग तिनं स्वतः चालवले. माग दुरुस्त करणारा जॉबर आला नाही तर पदर खोचून, पाना घेऊन मागाखाली स्वतः झोपायची. साध्या मागांचे दिवस संपले तेव्हा तिनं रडारड केली नाही. बारा माग भंगारात घातले, मागची मोकळी जागा विकली, आणि भिवंडीच्या एका पार्टीकडे चार जुनी रॅपियर मशिनं बघून ठेवली. एक रॅपियर साध्या चार मागांचं काम करतं. मशिनं दोन महिन्यांनी मिळणार होती. विसार देऊन झाला होता.

"जागेचं पैसं आलं काल," अक्का म्हणाली. "दोन म्हईने नुसतं बँकेत कशाला कुजवायचं? हितला बँकेतला शिरगुप्पे म्हणतोय, बापूच्या फंडात टाकूया. फारम भरलाय. आज तीनच्या आत गेलं पायजे म्हणतोय. सही तेवढी ऱ्हायलीय. तू व्हय म्हण, मी करते."

समोर गद्रे मॅडम. टेलिफोनवर बारीक लाल दिवा. छताला कॅमेरा.

"अक्का, मी... मला त्याबद्दल सल्ला देता येत नाही. गुंतवणूक बाजारातल्या जोखमीच्या अधीन असते. सगळी कागदपत्रं नीट वाचून आपला आपण निर्णय घ्यावा."

ती खळखळून हसली.

"आरं ए मुडद्या, हे काय टीवीवरच्या जाहिरातीगत बोलायलास? शिरगुप्पे, ऐकलं का, आमचा साहेब कागद वाच म्हणतोय मला. इंग्रजीत हाईत की रं ते!"

"अक्का, मी मीटिंगमध्ये आहे."

"आवाज का असा? बरं हाय नव्हं तुला? जेवलास?"

"हो."

"बरं ते कागदाचं ऱ्हाऊ दे. एवढंच सांग. तो फंड अजून तूच बघतोस नव्हं? का दुसऱ्याकडं दिला?"

एवढं विचारलं तिनं. याला 'हो' म्हणायला कायद्याची आडकाठी नव्हती. पत्रकावर छापलेलंच होतं.

"हो," मी म्हणालो. "मीच बघतो."

"मग बास की. ठेवते. जेव वेळेवर."

लाल दिवा विझला.

गद्रे मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग उठल्या. पर्समधून डबा काढला. आणि स्वतःचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. पडद्यावर उजेड होता. कुलूप काढलेलं होतं.

"मी डबा गरम करून आणते," त्या म्हणाल्या. "सात-आठ मिनिटं लागतील. ते मशीन हळू आहे."

"बरं."

दारापाशी थांबल्या. "इचलकरंजीत बँका किती वाजेपर्यंत असतात हो?"

"चारपर्यंत."

"हं," म्हणाल्या आणि गेल्या. दार त्यांनी ओढून घेतलं नाही. बोटभर उघडं राहिलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, हा काय विचार करत बसला? उचलायचा फोन, लावायचा नंबर, म्हणायचं "सही करू नकोस", ठेवायचा. दहा सेकंद. अक्काचा नंबर मला झोपेत पाठ.

पण तुम्ही त्या धंद्यात वीस वर्षं काढलेली नाहीत. आमच्यात हरीश पै नावाचा एक सौदे करणारा होता. त्याला पकडला तो असाच. दोन दिवस त्याच्या टेबलाजवळ कुणी फिरकलं नाही, दार उघडं, कॅमेऱ्यावर टोपी अडकवलेली. त्याला वाटलं, रान मोकळं आहे, आणि त्यानं आतली बातमी फोनवर बाहेर सांगितली. तिसऱ्या दिवशी त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तेव्हापासून आम्ही सगळे एक गोष्ट शिकलो होतो. या इमारतीत कुणी दार उघडं ठेवलं, तर आत सापळा असतो. चांगुलपणा म्हणून कुणी काही करत नाही. का करील?

मी त्या फोनकडे बघत बसलो. पडद्याचा उजेड हळूहळू मंद झाला. मला वाटलं, बक्षींनी सांगितलंय हिला. सही घेतली, आता बघतायत किती घट्ट आहे. कॅमेऱ्यामागे बसून बघतायत.

मी हात पुढे केला. एका बोटानं तो फोन पालथा केला आणि दूर ढकलला. कॅमेऱ्यात नीट दिसेल असा.

मग वही ओढली. स्वच्छ अक्षरात लिहिलं: '१.४७. गद्रे मॅडम स्वतःचा मोबाईल टेबलावर उघडा ठेवून खोलीबाहेर गेल्या. मी हात लावलेला नाही. प्र. ढवळे.'

माझं बारावं टिपण.

त्या परत आल्या तेव्हा डब्यातून वाफ येत नव्हती. त्यांनी पालथा फोन पाहिला. वही पाहिली. ओळ वाचली. दोनदा वाचली असावी, कारण वेळ लागला.

"अक्षर छान आहे तुमचं," एवढंच म्हणाल्या, आणि थंड पोळी खाऊ लागल्या.

सहा वाजता पाकीट फोडून फोन मिळाला. अक्काचा निरोप होता, शिरगुप्पेनं टाइप करून दिलेला: 'पैसे गेले दोन वाजून दहा मिनिटांनी. आता निवांत.'

त्या रात्री तिला फोन केला. म्हणालो, "अक्का, मला कोंडून घातलं होतं गं. फोन काढून घेतलेले. माझाही पगार त्याच फंडात अडकलाय." पगाराचं खरंच होतं. आमच्या पगाराचा एक हिस्सा आमच्याच फंडात तीन वर्षं अडकवतात. फक्त त्याच्यावर माझी चूल पेटत नव्हती, हे मी सांगितलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोंडून घातलं म्हणजे? मारलं-बिरलं न्हाई नव्हं?"

तिचे पैसे साडेतीन वर्षांत हप्त्याहप्त्यानं परत आले. शंभरातले बासष्ट. भिवंडीच्या पार्टीनं दोन महिने वाट पाहिली, विसार बुडवला, मशिनं मालेगावला विकली. अक्कानं रिकामी शेड भाड्यानं दिली आणि दुसऱ्याच्या कारखान्यात कांड्या भरायला जायला लागली. मागाच्या धोट्यात बसायच्या त्या सुताच्या कांड्या. बारा मागांची मालकीण, बायकांच्या रांगेत, रोजावर.

आणि गल्लीत कुणी माझं नाव काढलं की त्याच्या अंगावर जायची. "माझ्या भावाला कोंडून घातलं हुतं. फोन हिसकावून घेतलं. त्यो काय करील?" दुकानांतले माझे फोटो लोकांनी फाडले. तिच्या घरातला तिनं काढला नाही.

चौकशी झाली. सहा महिने. बक्षींना काही झालं नाही, जेवणाचं टिपण नसतं. मला काही झालं नाही, मी नियमाचा माणूस ठरलो. एका माणसाची नोकरी गेली, गद्रे मॅडमची. चौकशीवाल्यांना वहीत एक नोंद सापडली, बंदिस्त खोलीत मोबाईल उघडा ठेवून नियम-अधिकारी बाहेर गेल्या. तीन मोठ्या कंपन्यांना बातमी कुठून फुटली, याचं उत्तर त्यांना हवंच होतं. कंपन्यांनी पैसे आठवडाभर आधी काढले होते, ही तारखेची गोष्ट कुणी विचारली नाही. मीही सांगितली नाही. मला वाटायचं, तिनं सापळा लावला, सापळ्यात तीच अडकली. बरं झालं.

मला पुढं दोन मोठे फंड मिळाले. बढती, काचेची वेगळी खोली. चोवीस वर्षांच्या पोरांना मी शिकवायचो: टिपण लिहा, सगळं टिपणात असू द्या.

नऊ वर्षांनी पुण्यात गद्रे मॅडम दिसल्या. डोळ्यांच्या दवाखान्यात, दोघांच्याही डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धुरकट, बाकावर शेजारी शेजारी. मी आवाजावरून ओळखलं. मला राग आवरेना. म्हातारपणी माणूस निर्लज्ज होतो. सरळ विचारलं, "मॅडम, त्या दिवशी फोन कुणाच्या सांगण्यावरून ठेवला होतात? बक्षींच्या?"

त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

"बक्षींच्या?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला इतकी वर्षं असं वाटत होतं?"

"मग कुणाच्या?"

"त्या बाई तुम्हाला विचारत होत्या, जेवलास का म्हणून. मला त्या मजल्यावर सोळा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं." मग म्हणाल्या, "नंबर माझ्या फोनवर उमटला असता. मी सांगणार होते, लागला तर मीच लावला. ठरवून गेले होते. नियम मोडायचाच तर एकदा तरी बरोबर माणसासाठी मोडावा."

"आणि कॅमेरा?"

"तो सोमवारपासून बंद होता, ढवळे. दुरुस्तीचा कागद सगळ्यांना फिरवला होता. तुमची सही होती त्यावर. वाचून करत नव्हता वाटतं सह्या."

नर्सनं त्यांचं नाव पुकारलं. त्या भिंतीला हात लावत गेल्या.

मी त्याच दिवशी इचलकरंजीची गाडी धरली. का, ते सांगता येत नाही. माफी मागायला नव्हे. तसला शहाणपणा माझ्यात नाही. मला एवढंच सहन होत नव्हतं, की ती अजून माझ्या बाजूनं भांडत असेल.

अक्का कारखान्यात होती. सत्तरीला टेकलेली, मशिनसमोर स्टुलावर, केसांवर कापसाची लव. कांड्या गरगरत होत्या. मला बघून हसली, कानाकडे बोट केलं, ऐकू येत नाही म्हणून. मी तिच्या कानाशी वाकलो आणि सगळं सांगितलं. मॅडम, डबा, फोन, सात मिनिटं. वहीतली ओळही सांगितली.

तिनं हात लांब करून मशिन बंद केलं. आमच्यापुरतं शांत झालं.

"म्हंजे फोन तुझ्या म्होरं हुता?"

"हो."

"माझा नंबर ठावं हुता?"

"हो अक्का."

तिनं एक सुटलेलं सूत बोटावर गुंडाळलं. परत उलगडलं. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मी त्यासाठीच आलो होतो.

"आन् दार?" ती म्हणाली. "दाराला कडी हुती का न्हवती?"

"नव्हती. उघडंच होतं."

तिनं मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. मग बटण दाबलं, आणि कांड्या परत फिरायला लागल्या. मी तिथं दिवे लागेपर्यंत उभा होतो. तिनं मला जेवलास का म्हणून विचारलं नाही.